ओर्वेन कोणाची?

१

देरियें जागा व्हायचा तो भोकाड पसरूनच. गढीच्या वरच्या खोलीत आम्ही तिघं झोपायचो. ओर्वेन पलंगावर, मी भिंतीलगतच्या बाकावर, आणि आम्हा दोघींच्या मधे पाळण्यात तिचं तान्हं. ओहोटी लागली की खाली मिठागरातली माणसं फावडी खांद्यावर टाकून निघायची. त्यांच्या लाकडी पायताणांचा आवाज आला की हा सुरू. मी उठायची, राख सारून विस्तव फुलवायची, त्याचं बाळोतं बदलायची आणि त्याला आईच्या कुशीत द्यायची. तो असा तुटून पडायचा की ओर्वेन कळवळायची.

"हा मला खाऊन टाकणार गं, त्रिफिना," ती म्हणायची. "बापावर गेलाय. तोही जेवायला असाच बसायचा."

बाप पोर जन्मायच्या आधीच गेला होता, कुठल्याशा सरदाराच्या भांडणात, कुठल्याशा पुलावर. मग सुगीच्या दिवसांत ओर्वेनचे वडील गुर्वांद गेले. गढी, तिच्याखालची गावं आणि मिठागरं ओर्वेनची झाली. निदान आम्हाला तसं वाटलं.

गुर्वांदचा धाकटा भाऊ हामों आला तो थेट दिवाणखान्यात जाऊन भावाच्या खुर्चीत बसला. ओर्वेन मुलाला घेऊन समोर उभी राहिली. मी तिच्या मागे.

"तुझ्याशी माझं भांडण नाही, ओर्वेन," तो म्हणाला. "गुणी पोर आहेस तू. पण आमची नाहीस."

"मग कोणाची आहे, काका?"

"ते मला कसं ठाऊक? मिठागरातल्या कुठल्या तरी बाईची. रोयांतलीन वहिनी बाळंत होताना गेली आणि तिचं पोरही तिच्याबरोबर गेलं. तिची गावं माहेरी परत जाऊ नयेत म्हणून दादानं कुणाचं तरी उचलून पाळण्यात ठेवलं. सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे."

"सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं, तर बाबा असताना कोणी का नाही बोललं?"

"दादाच्या हातात तलवार होती." हामों हसला. "तुझ्या हातात काय आहे? बाळोतं."

त्यानं बिशपकडे फिर्याद नेली होती. संताच्या सणाला बिशप आमच्या चॅपेलमध्ये येणार होते. हामों त्यांना सांगणार होता, वहिनीची कबर उघडा. तिच्या कुशीत तान्ह्याची हाडं निघाली, तर ही कोण याचा निकाल लागला.

जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. माझी आई सुईण होती. त्या बाळंतपणाला ती एकटीच खोलीत होती.

"काय गं, म्हातारी मरताना काही बोलली नाही?"

"पाणी मागितलं," मी म्हटलं.

खरंच ती तेवढंच बोलली होती. त्या बाळंतपणाबद्दल तिला कोणी विचारलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. मीही विचारून पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं होतं की मी परत त्या वाटेला गेले नाही.

२

ओर्वेननं मग माणसं शोधली. त्या साली गढीवर चाकरीला असलेली एक स्वयंपाकीण जिवंत होती, पण तिला आता स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. एक घोडेवाला शपथ घ्यायला तयार झाला आणि हामोंच्या माणसांशी बोलून आल्यावर त्याची वाचा बसली. जो तो जमिनीकडे बघायचा. ओर्वेनचं अन्न सुटलं. सातूची पेज तिच्यासमोर गार व्हायची आणि तिच्यावर साय धरायची.

"मी तिची नसेन असं तुला कधी वाटलंय?" तिनं मला विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही, वाटलंय का?"

मी पेजेवरची साय काढत राहिले. आम्ही दोघी एकाच अंगणात वाढलो, एकीचा ताप दुसरीनं काढला. तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

ती उठली, मुलाला घेतलं आणि चॅपेलकडे निघाली. मी मागोमाग. दुपार होती. आत कोणी नव्हतं. वेदीच्या डाव्या हाताला जमिनीत रोयांतलीनची शिळा आहे. नाव झिजलंय, सांध्यांत चुना भरलेला आहे. लहानपणापासून आम्ही तिला वळसा घालून जायचो.

ओर्वेन त्या शिळेवर गुडघे टेकून बसली. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "आई, तुला मी कधी हाक मारली नाही. गरजच पडली नाही. आता माझं कोणीच उरलं नाही. मी तुझी असेन तर ये. मला ओळख."

आणि मग तिनं देरियेंला दुपट्यासकट त्या शिळेवर ठेवलं.

"बघ. हे तुझंच रक्त आहे."

"अगं, दगड गार आहे, उचल त्याला," मी म्हटलं.

तो रडत होता, तो गप्प झाला. मान वळवून त्यानं दगडाला गाल लावला. तान्ही पोरं तसं करतात, गालाला काही लागलं की तोंड उघडून चाचपतात. मी पुढे झाले आणि त्याला उचललं. त्याचा गाल ओला होता. माझं म्हणणं, ती लाळ होती.

३

नंतरच्या एका सकाळी मिठागरातली माणसं गेली, पायताणांचा आवाज विरला, आणि पाळण्यातून काहीच आलं नाही.

मी धडपडत उठले. तो जागा होता. डोळे उघडे, नजर पाळण्याच्या वर कुठेतरी. तान्ही पोरं पोट भरल्यावर जशी सुस्त, शहाणी दिसतात तसा दिसत होता. हनुवटीवर पांढरं काहीतरी वाळलं होतं.

"कधी पाजलंस?" मी विचारलं.

ओर्वेन उठून बसली. तिचा झगा पुढून भिजलेला होता. "मी कुठे पाजलं? मला वाटलं तू शेळीचं दिलंस."

"शेळी आटलीय."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. झोपेत पाजलं असशील, मी म्हटलं. असेल बाई, ती म्हणाली. तिनं त्याला छातीशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं. परत धरलं, परत फिरवलं. दूध त्याच्या गालावरून ओघळलं, त्यानं जीभसुद्धा लावली नाही.

त्याच्या हनुवटीवरचं ते पांढरं मी अंगठ्यानं पुसलं. भिंतीवरून हात फिरवल्यावर लागतं तसं ते बोटाला लागलं. मी ते जिभेला लावून पाहिलं. आमच्याकडे सगळ्याला मिठाची चव असते, पाण्याला, भाकरीला, माणसाच्या अंगाला. त्याला नव्हती. कसलीच नव्हती.

४

तो दिवसभर रडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाकघरातल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस गं, किती गुणी मूल. ओर्वेनच्या छातीत दूध साचून गाठी झाल्या. ती कोबीची पानं बांधून, दात आवळून बसायची. देरियेंला मात्र भूक नव्हती. पाळण्यातून उचलावं तर अंगाला चॅपेलचा वास, बंद दगडाचा. आणि त्याचं दुपटं सैल बसायला लागलं होतं. आधी जेमतेम पुरायचं, आता गुंडाळून वर कापड उरायचं.

पोट भरलेलं मूल वाळतं कसं?

मी सरळ डोक्याची बाई आहे. मी हामोंचा विचार केला. कोणी दाई पैसे चारून आत सोडली असेल, मुलाला काहीबाही पाजत असेल. मी खोलीच्या दाराला आतून अडणा घातला आणि ठरवलं, आता इथून हलायचं नाही. ओर्वेन पलंगावर पडली होती, ग्लानीत. बाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं, खिडकीत नुसता पांढरा उजेड. मी पाळण्याशेजारी सूत कातत बसले.

विस्तव मंदावला म्हणून लाकूड सारायला मी पाठ फिरवली, आणि मागे आवाज आला.

गटक. थांबून, गटक.

कोणतीही बाई हा आवाज ओळखते. मी वळले. तो पाळण्यात एकटाच होता. तोंड उघडं, ओठ पुढे काढलेले, गाल आत ओढले जात होते आणि सुटत होते. गळा हलत होता. झोपेत पोरं हवेत दूध ओढतात, मी कितीदा पाहिलंय. तसंच आहे, मी स्वतःला सांगितलं. पण त्याचे डोळे उघडे होते. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब जमला, फुगला आणि गालावरून खाली गेला.

पाळण्याच्या कडेवर घडी करून टाकलेली घोंगडी एका जागी दबलेली होती. तिथे कोणी कोपर टेकावं तशी.

मी त्याच्या तोंडासमोर हात घातला. का घातला ते मला सांगता येणार नाही. वाऱ्याचा गारवा वेगळा असतो. हा विहिरीच्या आतल्या दगडाचा होता. माझी बोटं तिथेच आखडली. मी हात ओढून घेतला आणि ओरडले, "ओर्वेन!"

घोंगडी हळूहळू वर आली, जशी दाब निघाल्यावर येते. देरियेंनं ओठ मिटले. त्याला ढेकर आली.

५

मला वाटलं होतं ओर्वेन किंचाळेल. तिनं ऐकून घेतलं. घोंगडीवर हात फिरवला. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. ती आनंदली होती.

"आली," ती म्हणाली. "त्रिफिना, ती आली! म्हणजे मी तिचीच."

"अगं, पोराकडे बघ आधी!"

"परकीच्या पोराला कोणी येऊन पाजतं का? सांग ना! पाद्रीबाबांना बोलाव. त्यांनी डोळ्यांनी पाहू दे. ते बिशपना सांगतील, मग बघू काका काय म्हणतात ते."

पाद्री माएलो म्हातारे झाले होते. रोयांतलीनला त्यांनीच पुरलं होतं. जिना चढून त्यांना धाप लागली. ओर्वेननं त्यांना पाळण्यापाशी बसवलं, हातात सफरचंदाच्या दारूचा पेला दिला. एखादा पाहुणा यायचाय अशी ती खोली आवरत होती. मला ते बघवेना.

बराच वेळ काही झालं नाही. माएलो म्हणाले, "बाळंतिणीला भास होतात, पोरी. दोघी थकल्या आहात."

मग पाळण्याच्या पायथ्याशी ओलं कापड ओढल्यासारखा आवाज आला, आणि त्याच्यामागून तो दुसरा. गटक. माएलोंच्या हातातला पेला खाली पडला. ते वाकून बघत राहिले, त्या लहानशा गळ्याकडे, त्या पांढऱ्या ओघळाकडे. त्यांचे ओठ प्रार्थना म्हणत होते.

"पाहिलंत?" ओर्वेन म्हणाली. "आता सांगाल ना बिशपना?"

"काय सांगू? मेलेली बाई येऊन दूध पाजते?" ते दारापर्यंत मागे सरकले होते. "हामों मला वेडा ठरवेल आणि तुला चेटकीण. मुलाला उचल, ओर्वेन. बघ त्याच्याकडे. त्याची नखं बघ."

तिनं तेव्हा कुठे त्याला नीट पाहिलं. नखं निळसर झाली होती. तिनं त्याचा हात गालाला लावला आणि तिचा आनंद तिथल्या तिथे विझला.

"पाद्रीबाबा, ती पुरली तेव्हा तिच्या कुशीत काही होतं?"

"कापडात बांधलेली होती. मी बघितलं नाही. गुर्वांद शेजारी उभा होता." ते रडत होते. "माझं धैर्य झालं नाही पोरी, खरं सांगतो."

६

आम्ही त्याला घेऊन पळालो. आधी स्वयंपाकघरात, मग माझ्या मावशीच्या झोपडीत, मिठागराच्या पार टोकाला. तिथे मावशी भाकऱ्या थापत होती, शेजारणी गप्पा मारत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या मधे, माझ्या मांडीवर, देरियेंनं तोंड उघडलं. बायकांना काही कळलं नाही. "किती गोड चोखतोय गं झोपेत," मावशी म्हणाली.

ओर्वेन त्याच्यावर आडवी झाली. अंगानं झाकून टाकलं. तरी तिच्या छातीखालून तो आवाज येत राहिला.

गढीवर परतल्यावर तिनं विनवण्या केल्या. पाळण्याशेजारी जमिनीवर बसून, हात जोडून.

"आई, मी इथे आहे. ही बघ मी. तुझं मूल मी आहे, तो नाही. तो माझा आहे. त्याला सोड, मला घे. माझ्याकडे बघ तरी."

पाळणा आपला हळूहळू डोलत होता, कोणाचा पाय लागावा तसा. तिच्या बोलण्यानं त्याच्या लयीत फरक पडला नाही. एकदाही नाही. ओर्वेननं त्या रिकाम्या जागेकडे हात पुढे केले, लहान मूल करतं तसे, आणि तसेच धरून ठेवले. शेवटी तिचे हात खाली आले.

"ती मला ओळखत नाही," ती म्हणाली. "तिनं मला पाहिलंच कुठे होतं? तिला एवढंच माहीत आहे की आपलं एक तान्हं आहे. ती तान्हं शोधतेय, त्रिफिना. आणि मीच नेऊन दाखवलं."

"मग काय करायचं?"

"मी नातं सांगून बोलावलं. आता नाही म्हणून सांगते."

ती तशीच चॅपेलमध्ये गेली आणि शिळेवर उभी राहून म्हणाली, "तू माझी कोणी नाहीस." आवाज कापत होता. शेवटी शेवटी तिनं "आई" म्हटलं, सवयीनं की कशानं कोण जाणे. वर आलो तर पाळणा डोलत होता.

देरियें आता रडतही नव्हता, हसतही नव्हता. उचलला तर मान लुळी पडायची. बिशपच्या लोकांनी खाली अंगणात घोडे बांधले होते. उद्या सण.

"उद्या सगळ्यांसमोर म्हणते," ओर्वेन म्हणाली. "संताच्या पवित्र अस्थींवर हात ठेवून. शपथेवर."

"खोटी शपथ?"

"खोटी कशावरून? तुला ठाऊक आहे? मला आहे?" तिनं माझे खांदे धरले. "कोणालाच ठाऊक नाही. मग मी म्हणेन तेच खरं."

"गढी जाईल. याचं सगळं जाईल."

"हा जातोय, त्रिफिना. मी गढी घेऊन काय करू?"

७

चॅपेल भरलं होतं. मिठागरातली माणसं दारापर्यंत उभी होती. शिळेशेजारी दोन गडी पहारी घेऊन तयार. हामों नवा अंगरखा घालून आला होता. माएलो कोपऱ्यात, कोणाकडे न बघता. ओर्वेननं मुलाला छातीशी धरलं होतं आणि तिथे उभ्या असलेल्या माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं की दुपट्याच्या आत त्याचे गाल ओढले जाताहेत.

बिशपनी विचारलं, "बाई, या कबरीत कोण आहे?"

"गुर्वांदची बायको."

"तुझी आई?"

तिनं पुढे होऊन अस्थींच्या पेटीवर तळवा ठेवला. मला तिची मान मागून दिसत होती. ती ताठ होती.

"नाही."

लोकांत एकदम कुजबुज झाली. हामों पुढे वाकला. "काय म्हणालीस? इकडे ऐकू नाही आलं."

"ती माझी आई नाही." आता तिचा आवाज कापत नव्हता. "मी तिच्या पोटची नाही. हा मुलगा तिचं नातवंड नाही. तिचा आमच्यावर हक्क नाही, आमचा तिच्यावर नाही."

"मग तू कोणाची?" बिशपनी विचारलं. त्यांना कीव आली असावी.

"कोणाची नाही."

देरियेंला उचकी लागली. मग तो कळवळून वाकडा झाला आणि त्याच्या तोंडातून पांढरं पाणी बाहेर पडलं, भस्सकन, शिळेवर. एवढ्याशा जिवात इतकं मावलं कुठे होतं? लोक मागे सरले. क्षणभर तो हललाच नाही. आणि मग त्यानं भोकाड पसरलं.

भुकेचं रडणं. चॅपेलच्या छताला भिडणारं, संतापलेलं, लालबुंद.  ओर्वेन तिथेच फरशीवर बसली, बिशपसमोर, गड्यांसमोर, आणि झग्याची नाडी सोडून त्याला घेतलं. तो तुटून पडला. ती हुंदके देत होती आणि हसत होती. बिशपनी मान फिरवली.

"कबर उघडायची गरज नाही," ते म्हणाले. गड्यांनी पहारी उचलल्या.

सगळे पांगल्यावर हामों आमच्यापाशी आला. तो जिंकला होता, पण त्याला आता कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"थंडी आहे," तो पुटपुटला. "लगेच जायला पाहिजे असं नाही. राहा हवं तर चार दिवस."

"नको," ओर्वेन म्हणाली. "आम्ही आजच निघतो."

८

अंगणात गाढवावर सामान बांधून झालं. सामान कसलं, एक गाठोडं. बाळाची दुपटी वर राहिली होती. ओर्वेन म्हणाली राहू देत, पण वाटेत गारठा होता, म्हणून मी जिना चढले. ऊन होतं, खिडकीतून पाळण्यापर्यंत आलेलं. इतक्या दिवसांनी त्या खोलीत ऊन पाहून मला बरं वाटलं.

ओर्वेन माझ्याआधीच वर आली होती. पाठमोरी, पाळण्यावर वाकलेली. एक हात आत घालून अंथरुणाखाली चाचपत होती.

"आलीस कशाला?" मी म्हटलं. "मी आणते की. चल, भरती आली तर बांधावरची वाट पाण्याखाली जाईल."

तिनं चादर उचलून खाली पाहिलं. मग उशीखाली. घाई नव्हती, पण थांबतही नव्हती. एखादी वस्तू इथेच ठेवली होती, जाईल कुठे, असं करून आपण शोधतो तशी.

"काय हरवलंय?" मी पुढे झाले.

तेवढ्यात खाली अंगणात देरियें रडला. आणि त्याच्यामागून ओर्वेनचा आवाज आला, "त्रिफिना! राहू दे ती दुपटी, ये लवकर!"

पाळण्यावरचा हात थांबला. तिनंही ते ऐकलं होतं. तिनं मान वळवली, माझ्याकडे नाही, खिडकीकडे, जिथून हाक आली तिकडे. मला तिचा चेहरा बाजूनं दिसला. कपाळ, नाक, गालाचं हाड. ओठ किंचित उघडले, काहीतरी विचारायचं असावं तसे.

मी पाय मागे घेतले. दार लावलं. जिना कसा उतरले ते मला आठवत नाही.

बांधावर दोन्हीकडे पाणी चढत होतं. ओर्वेन पुढे बघून चालत होती, मूल शालीच्या आत, पीत होतं. गढी बरीच मागे पडल्यावर ती म्हणाली, "तू पांढरी का पडलीस?"

"जिना भरभर उतरले."

"वर कोणी होतं?"

मी गाढवाची दोरी ओढली.

"मी परत नाही विचारणार, त्रिफिना. एवढंच सांग. पाहिलंस तू तिला? कशी होती? माझ्यासारखी होती का?"

ती थांबली होती. वळून गढीकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर तिनं एकदा तरी हाक मारली असती. एकदाच, तिथूनच, पाण्यापलीकडून. कोणीही मारली असती. शालीतून देरियेंचा पाय बाहेर आला होता, गुलाबी, गरम, बोटं हलत होती.

"खोली रिकामी होती," मी म्हटलं. "कोणी नव्हतं."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

तिनं मान हलवली आणि चालू लागली. जरा पुढे गेल्यावर ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखं. गाढवसुद्धा थांबलं. मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर बोलले असते.

आता आम्ही बंदरावर राहतो. ओर्वेन मासे खारवते, देरियें नावेवर जातो, रुंद खांद्यांचा झालाय आणि अजून जेवायला बसला की सगळं फस्त करतो. नव्या शेजारणी तिला विचारतात, तुमचं घराणं कुठलं, माहेर कुठलं. ती म्हणते, मी कोणाची नाही, आणि सुरी उचलते. दुपारी ती खिडकीपाशी कामाला बसते, ऊन तिच्या तोंडावर येतं. बाहेरून कोणी हाक मारली की ती मान वळवते. तेव्हा मी खाली बघते.